गोंधळ, घोळ, गल्लत, गफलत, संभ्रम: कोणता शब्द कुठे?

विचारणा अशी आहे: इंग्रजीतल्या एका 'कन्फ्यूजन'साठी मराठीत गोंधळ, घोळ, गडबड, गल्लत, गफलत, संभ्रम, घोटाळा असे कितीतरी शब्द दिसतात आणि कोशात एकाचा अर्थ म्हणून दुसरा दिलेला असतो. मग बातमी, कचेरीतलं पत्र किंवा अनुवाद करताना नेमका कोणता घ्यायचा?

कोश इथे हात टेकतो, कारण या शब्दांचा गाभा बराचसा सारखाच आहे. वेगळी आहे ती त्यांची जागा. माणसाच्या डोक्यात, कामाच्या पद्धतीत, कागदावरच्या वाक्यात की चार जणांच्या आरड्याओरड्यात, हे आधी बघायचं. जागा कळली की शब्दही जवळजवळ ठरतो, आणि उरलेली खात्री क्रियापद करून देतं.

एक कल्पित प्रसंग घेऊ. दहावीची परीक्षा, एकाच संस्थेच्या मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या दोन शाळा, केंद्र एकच. लिपिकाने दोन माध्यमांच्या बैठक क्रमांकांच्या याद्यांची गल्लत केली. केंद्रसंचालकांनी यादी न पडताळता सही केली, ही त्यांची गफलत. त्यामुळे बैठकव्यवस्थेत घोळ झाला. आपला वर्ग कोणता याबाबत मुलं संभ्रमात पडली. पेपरला दहा मिनिटं उरली तशी त्यांची धांदल उडाली. फाटकाबाहेर पालकांनी गोंधळ घातला. फलकावर घाईने खडूने लिहिलं, 'उरलेल्या विद्यार्थ्यांनी वरच्या वर्गात बसावे', आणि ही सूचना संदिग्ध होती: वरच्या मजल्यावरच्या की वरच्या इयत्तेच्या? संध्याकाळी कुणी मथळा केला, 'परीक्षा केंद्रावर घोटाळा'. इथे शब्द तर चुकलाच, शिवाय एक आरोपही होऊन बसला, कारण घोटाळ्यात हेतू येतो.

या प्रसंगातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी ठेवून बघा. 'मुलं घोळात पडली' म्हटलं तर कुणीतरी त्यांना फसवल्यासारखं वाटतं. 'लिपिकाने याद्यांचा संभ्रम केला' हे वाक्य मराठीत उभंच राहत नाही.

आता 'गोंधळ'. हा सगळ्यांत रुंद शब्द, म्हणून सगळ्यांत जास्त चुकतो. मूळचा गोंधळ म्हणजे देवीचा कुलाचार. घरात लग्न झालं की गोंधळी येतात, चौक मांडतात, दिवटी पेटते, संबळ आणि तुणतुणं वाजतं, ठिकठिकाणच्या देवदेवतांना गोंधळाला यायचं आवतण दिलं जातं. रात्रभर चालणारा हा जागर दाराबाहेरून ऐकणाऱ्याला कसा वाटत असेल, ते सांगायला नको. कल्लोळ हा दुसरा अर्थ तिथूनच आला असं मानतात. अडचण अशी की विधीलाही 'गोंधळ घालणे' म्हणतात आणि धिंगाण्यालाही. 'वरपक्षाने रात्री गोंधळ घातला' एवढंच लिहिलं तर कुळधर्म झाला की भांडण, हे कळायला मार्ग नाही. विधीबद्दल लिहायचं असेल तर 'देवीचा गोंधळ घातला' किंवा 'गोंधळ-जागरण झालं' असं लिहावं.

विधी सोडला तरी 'गोंधळ'चे तीन अर्थ रोज वापरात आहेत: डोक्यातला, कामातला आणि आरडाओरड्याचा. ते वेगळे कळतात शब्दयोगी अव्ययावरून किंवा विभक्तिप्रत्ययावरून आणि क्रियापदावरून. वाचकाला ते नकळत जाणवतं, लिहिणाऱ्याने मात्र जाणून लिहायला हवं:

'प्रवेशावरून गोंधळ' म्हणजे भांडण, घोषणा, खुर्च्या.
'प्रवेशाबाबत गोंधळ' म्हणजे कुणालाच नीट माहिती नाही.
'प्रवेशांत गोंधळ' म्हणजे प्रक्रियाच विस्कटली आहे.

'वरून' आणि 'बाबत' यांची अदलाबदल ही अनुवादात आढळणारी मोठी चूक. इंग्रजी बातमीत परीक्षेच्या तारखेबद्दल लोकांना नीट कळलेलं नाही एवढंच असतं, आणि मराठीत छापून येतं, 'तारखेवरून गोंधळ'. वाचणारा विचारतो, मारामारी कुठे झाली? तिथे 'तारखेबाबत संभ्रम' हवं. उलट दिशेने, विधानसभेत 'विरोधकांचा गोंधळ' झाला तर विरोधकांच्या मनात कसलाही संभ्रम नसतो. त्यांना आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक असतं.

क्रियापदंही अशीच बोलकी आहेत. गोंधळ 'उडतो' तेव्हा कुणाचा दोष नसतो. गोंधळ 'घालतात' तेव्हा कर्ता असतो आणि आवाजही असतो. 'माझा गोंधळ झाला' म्हणजे डोक्यात कालवाकालव झाली. उडण्याचं हे क्रियापद एका अख्ख्या कुटुंबाला लागतं: धांदल उडते, तारांबळ उडते, त्रेधातिरपीट उडते. हे सगळे शब्द हातपायांचे आहेत. त्यांत वेळ कमी आणि काम जास्त असतं. संभ्रम मात्र कधी उडत नाही. तो निर्माण होतो, पसरतो, वाढतो आणि दूर होतो. 'एकच संभ्रम उडाला' असं कुठे दिसलं तर लिहिणाऱ्याच्या मनात 'गोंधळ' होता आणि त्याने तो फक्त सुशिक्षित केला, हे ओळखावं.

तारांबळ या शब्दाची व्युत्पत्ती मंगलाष्टकांच्या शेवटच्या 'ताराबलं चंद्रबलं' या शब्दांशी जोडतात. ते कानावर पडले की मुहूर्त आला, आणि मग हार कुठे, अक्षता कुठे, अंतरपाट कुणी धरायचा अशी पळापळ. व्युत्पत्ती म्हणून ती पक्की धरा वा न धरा, शब्दाचा वापर त्यातून अचूक कळतो: ठरलेली वेळ अंगावर आली की तारांबळ. नुसत्या विचाराने कुणाची तारांबळ उडत नाही.

घोळ. याचं क्रियापद 'घोळणे', म्हणजे इकडून तिकडे लोळवत राहणं. मासा पिठात घोळतो, चिरोटा साखरेत घोळतो, विचार मनात घोळतो, प्रकरण कचेरीत घोळत पडतं, झग्याला घोळ असतो. (घोळ नावाचा मासा आणि घोळाची आंबटसर भाजी यांचा या चर्चेशी संबंध नाही, पण बाजारातल्या बातमीत 'घोळ वाढला' असा मथळा देण्यापूर्वी विचार करावा.) घोळ म्हणजे काम इतकं घोळलं गेलंय की त्याची कड सापडत नाही. म्हणून घोळ याद्यांत, हिशेबात, तारखांत, पत्त्यांत होतो. आणि कुणीतरी तो घातलेला असतो: 'घोळ घातला' म्हटलं की ज्याने घातला त्याच्याकडे बोट जातं. तो पुढे 'निस्तरावा' लागतो. संभ्रम कुणी निस्तरत नाही. 'घोळात घेणे' हा वेगळाच वाक्प्रचार, गोड बोलून आपल्याकडे ओढणं. त्यात गोंधळ नाही, चलाखी आहे.

घोटाळ्याचं वजन मात्र गेल्या काही दशकांत पार बदललं. 'नावांचा जरा घोटाळा झाला, माफ करा' हे जुन्या पिढीच्या तोंडी अगदी निरुपद्रवी वाक्य आहे. आजही घरात चालतं. छापील मजकुरात मात्र घोटाळा म्हणजे पैशांचा किंवा अधिकाराचा गैरव्यवहार. १९९२चा रोखे घोटाळा रोज छापून येत होता, त्या सुमाराला हा अर्थ घट्ट बसला. म्हणून बातमीत नियम सरळ ठेवावा: अफरातफरीचा निदान आरोप तरी झालेला असेल, आणि तो कुणी केला हे लिहिता येत असेल, तरच घोटाळा; नाहीतर घोळ किंवा चूक. कायद्याच्या दृष्टीनेही हा फरक स्वस्त नाही.

गल्लत आणि गफलत ही जोडी कानाला जुळी वाटते, पण त्यांचं घराणं वेगळं. दोन्ही अरबीतून फारसीमार्गे आले आणि दोन्ही स्त्रीलिंगी, इथे साम्य संपलं. गफलत आणि गाफील हे एका मुळाचे, अर्थ बेसावधपणा. म्हणून गफलतीला एक माणूस पुरतो: लक्ष नव्हतं, चूक झाली. गल्लतीला मात्र निदान दोन गोष्टी लागतात, ज्या एकमेकींत मिसळल्या. 'साक्षर आणि सुशिक्षित यांची गल्लत करू नये' हे बरोबर. 'दाराला कुलूप लावायची गल्लत झाली' हे चूक, तिथे गफलत. तपासायची सोपी रीत अशी: वाक्यात 'अमुक आणि तमुक यांची' असं घालता येतं का? येत असेल तर गल्लत. अनुवादात 'याला त्याच्याशी कन्फ्यूज करू नका' अशी वाक्यरचना येते तेव्हा 'यात गोंधळ करू नका' असं मोघम लिहिण्यापेक्षा 'या दोहोंची गल्लत करू नका' हे नेमकं बसतं. सरमिसळ हा शब्दही जवळचा आहे, पण सरमिसळ मुद्दाम केलेली असू शकते आणि वाईटच असते असं नाही.

गडबडीबद्दल फार लिहायला नको. 'गडबडीत आहे' म्हणजे घाईत, 'गडबड करू नका' म्हणजे गप्प बसा किंवा घाई करू नका, 'काहीतरी गडबड आहे' म्हणजे संशयाला जागा आहे, 'पोटात गडबड' म्हणजे डॉक्टर. बोलण्यात सोन्यासारखा शब्द; लेखी अहवालात टाळावा, कारण वाचणारा यातला कुठला अर्थ उचलेल ते सांगता येत नाही.

'संभ्रम'पाशी थोडं थांबायला हवं, कारण या शब्दाची भावंडं फार आणि प्रत्येकाने वेगळा संसार थाटलेला. मूळ धातू 'भ्रम्', फिरणे. त्यातून भ्रमण, भ्रमंती. डोक्यात फिरलं की भ्रम. संस्कृतात संभ्रमाचा अर्थ घाई, लगबग, आदरापोटी झालेली धावपळ असाही होता. संस्कृत नाटकांत 'ससंभ्रमम्' अशी सूचना येते तेव्हा पात्र गोंधळलेलंच असतं असं नाही, ते लगबगीने उठतं किंवा बोलतं. कन्नडने यातली आनंदाची बाजू उचलली. बेळगावात किंवा बंगळूरूत दिवाळीच्या जाहिरातीवर 'संभ्रम' दिसला तर तिथे कुणी बुचकळ्यात पडलेलं नाही, सण आहे. मराठीने उलटी बाजू ठेवली: नक्की काय खरं, हे न कळल्याची अवस्था. यात आवाज नाही, धावपळ नाही. परिपत्रकं दोन आली, दोन्हींत वेगळी तारीख, की संभ्रम.

भ्रम आणि संभ्रम यांत फरक खात्रीचा आहे. संभ्रमात असलेल्या माणसाला आपल्याला कळत नाही हे कळतं. भ्रमात असलेल्याला पूर्ण खात्री असते, फक्त ती खोटी असते. म्हणून संभ्रम दूर होतो आणि भ्रमाचा भोपळा फुटतो. याच्या शेजारचा 'भास' ज्ञानेंद्रियांचा: कुणी नसताना हाक ऐकू आली तर भास, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतो अशी निराधार पण अढळ खात्री म्हणजे भ्रम. आरोग्यावर लिहिताना हे दोन एकमेकांच्या जागी वापरले तर मजकुराचा अर्थच बदलतो.

'विभ्रम' मात्र भलतीकडे गेला. मराठीत विभ्रम म्हणजे नखरे, लाडिक हावभाव. 'मतदारांत विभ्रम निर्माण झाला' असं वाक्य डोळ्यांसमोर आणून पाहा. 'भ्रांत' आणखी वेगळी: 'दोन वेळच्या जेवणाची भ्रांत' म्हणजे ददात, काळजी. आणि 'संभ्रांत' हा हिंदीतून येणारा सापळा. हिंदीत आणि बंगालीत संभ्रांत म्हणजे खानदानी, प्रतिष्ठित. हिंदी मजकुरावरून घाईने मराठी करताना 'संभ्रांत कुटुंबातील महिला' तसंच उतरतं आणि मराठी वाचक समजतो की बिचारं अख्खं कुटुंब गोंधळलेलं आहे. तिथे 'प्रतिष्ठित' लिहावं.

याच घरातली सगळ्यांत जास्त छापली जाणारी चूक 'भ्रमनिराश'. शब्द 'भ्रमनिरास' आहे. निरास म्हणजे दूर करणं, नाहीसं करणं. शंकानिरास होतो, तसाच भ्रमनिरास. त्यात निराशा नाही. भ्रम गेल्यावर माणूस निराश होतो हे खरं, म्हणून तर चूक इतकी सहज होते, पण 'तो भ्रमनिराश झाला' असं रूप नाही. 'त्याचा भ्रमनिरास झाला' असं लिहायचं: षष्ठी लागते, आणि निरास पुल्लिंगी.

माणसाला लागणारा शब्द आणि मजकुराला लागणारा शब्द वेगळे ठेवले की निम्म्या चुका टळतात. माणूस संभ्रमात असतो, वाक्य संदिग्ध असतं. 'मी याबाबत संदिग्ध आहे' हे चूक. 'मी साशंक आहे' किंवा सरळ 'मला खात्री वाटत नाही' म्हणावं. संदिग्ध शब्दात धातू 'दिह्', लिंपणे. वर काहीतरी सारवल्यामुळे खालचं स्पष्ट दिसत नाही. संदेह त्याच धातूचा आणि देहसुद्धा. त्यामुळे मुद्रितं तपासताना एका टिंबाकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं: तुकाराम महाराज 'सदेह' वैकुंठाला गेले ही वारकऱ्यांची श्रद्धा, 'स'वर चुकून टिंब पडलं की श्रद्धेच्या जागी 'संदेह' येऊन बसतो, आणि स्पेलचेक दोन्ही शब्द बरोबर ठरवतो.

संदेह, शंका, संशय या तिघांत रोजच्या वापराला दोनच पुरतात. शंका विचारतात, संशय घेतात. शिक्षकाने 'काही संशय असल्यास विचारा' म्हटलं तर वर्ग दचकेल.

दोनच वाटा असतील तर 'द्विधा मनःस्थिती'. विसर्ग हवा; 'मनस्थिती' हे रूप सर्रास दिसतं तरी चूक. 'दुविधा' हिंदी आहे, मराठीत तिची गरज नाही. वाटा असूनही पुढे जाता येत नसेल तर तो मनाचा विषय राहत नाही, परिस्थितीचा होतो, आणि तिथे दोऱ्याचे शब्द कामाला येतात. दोरा किंवा केस एकमेकांत अडकले की गुंता. तो हळूहळू सोडवायचा. दोरीला पीळ बसला की तिढा, तो सुटतो. पेच फारसी, मूळ अर्थ पीळ, वळसा. पतंगांचा पेच लागतो तसा दोन बाजूंत पेच पडतो. कोंडी मात्र दोऱ्याची नाही, अडवलेल्या वाटेची किंवा पाण्याची, म्हणून ती फुटते किंवा फोडतात. 'कोंडी सोडवली' आणि 'तिढा फोडला' अशी उलटापालट मथळ्यात वारंवार दिसते. जागावाटपात दोन पक्ष एकाच जागेवर अडून बसले तर तिढा. दहा पक्ष आणि चाळीस जागा एकमेकींत अडकल्या तर गुंता. बोलणीच थांबली तर कोंडी.

माणसाच्या चेहऱ्यावर दिसणाऱ्या गोंधळासाठी मराठीत क्रियापदांची चंगळ आहे, आणि कथा-कादंबरीच्या अनुवादात सगळीकडे 'तो गोंधळला' लिहून ती वाया घालवली जाते. नव्या जागी, अनोळखी माणसांत लहान मूल किंवा नवी सून बावरते. चारही बाजूंनी एकदम काहीतरी अंगावर आलं, जसं पहिल्यांदाच दादर स्थानकात संध्याकाळी उतरणं, तर माणूस भांबावतो. अचानक प्रश्न आला, त्यात थोडी भीती, की गांगरतो. नुसतीच भीती असेल तर भेदरतो. उत्तर माहीत असून जीभ अडखळली तर गडबडतो. कोडं सुटत नसेल तर बुचकळ्यात पडतो. आकडे किंवा हकिकत ऐकून डोकं फिरलं तर चक्रावतो; यात आश्चर्याचा भाग मोठा. तासन्‌तास तेच काम करून डोकं चालेनासं झालं तर भंजाळतो. हा शब्द बोलीचा आहे, संवादात शोभतो, निवेदनात जपून. 'कावराबावरा' आणि 'गोरामोरा' ही जोडी अनेकजण एकच समजतात. कावराबावरा होतो तो घाबरून इकडेतिकडे बघणारा. गोरामोरा होतो तो पकडला गेलेला, शरमलेला. चोरून लाडू खाताना मूल सापडलं तर गोरंमोरं. जत्रेत आईचा हात सुटला तर कावरंबावरं.

'गैरसमज' आणि 'विपर्यास' यांतला फरक राजकीय बातम्यांत रोज लागतो. गैरसमज ऐकणाऱ्याचा होतो, आपोआप. विपर्यास कुणीतरी करतो, जाणूनबुजून अर्थ उलटा करून. 'माझ्या विधानाचा विपर्यास झाला' असं खुलासा करणारे म्हणतात खरे, पण त्यांना कुणावर आरोप करायचा नसेल तर 'गैरसमज झाला' पुरे. गैरसमज पुल्लिंगी, आणि त्याच्यातला समजही: 'लोकांचा तो समज'. पण पोलिसांनी 'समज दिली' तेव्हा ती स्त्रीलिंगी, आणि अर्थ ताकीद. 'समज दिला' असं लिहू नये.

राहता राहिला 'अनागोंदी'. हा 'नोंद' या शब्दाशी जोडून, 'जिथे नोंदी नाहीत ती अनागोंदी' असं समजावलं जातं. ते कानाने रचलेलं आहे. हंपीसमोर तुंगभद्रेच्या उत्तर काठावरचं आनेगुंदी, विजयनगरच्या राजघराण्याचं जुनं ठाणं, त्याच्याशी हा शब्द जोडतात: राज्य गेलं तरी दरबारी थाट आणि भलेमोठे कागदी हिशेब चालूच. म्हणून अनागोंदी कारभाराला लागते, माणसाला किंवा मनाला नाही. सावळागोंधळ तिच्या जवळचा. फरक इतकाच की सावळ्या गोंधळात कुणाचाच पायपोस कुणाच्या पायात नसतो, आणि अनागोंदीत कुणी जबाबदार धरायलाच उरलेला नसतो.

बोलताना 'मी कन्फ्यूज झालो' म्हणायला काहीच हरकत नाही. ते आता मराठीच आहे. बिघडतं ते लेखी भाषेत त्याचं 'मी संभ्रमित झालो' केलं की. असं कुणी बोलत नाही. 'मला काही उमगेना', 'काय करावं सुचेना', 'माझा गोंधळ झाला' यांतलं एक पुरतं. आणि 'सूचना संभ्रम निर्माण करणाऱ्या आहेत' याऐवजी 'सूचना नीट कळत नाहीत' असं लिहिलं तर ज्याने त्या लिहिल्या त्यालाही ते लगेच कळेल.